जीसीएसईच्या गणितात कॅल्क्युलेटर: कधी चालतो, कधी नाही आणि का

मूल यिअर टेनमध्ये गेलं की शाळेच्या खरेदीच्या यादीत सायंटिफिक कॅल्क्युलेटर येतो आणि पाढे घोकून, लॉग टेबल चाळून शिकलेल्या आई-बाबांच्या कपाळावर आठी पडते. परीक्षेत यंत्रच गणित करणार असेल तर मूल काय शिकणार? महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडणं साहजिकच आहे. पण इंग्लंडमधला नियम नीट पाहिला तर तो इतका सरधोपट नाही.

एडेक्सेल आणि एक्यूए या दोन मंडळांच्या जीसीएसई गणितात दीड-दीड तासाचे, प्रत्येकी ८० गुणांचे तीन पेपर असतात. पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला चालतो. म्हणजे २४० पैकी ८० गुण निव्वळ डोकं, कागद आणि पेन यांच्या जोरावर मिळवायचे. तेव्हा तुम्ही पाढे पाठ करून घेत असाल तर खुशाल घ्या, ते वाया जाणार नाहीत.

मात्र पहिल्या पेपरात लांबलचक गुणाकार-भागाकारच विचारतात असं समजू नका. तिथे मुख्यतः आकड्यांची ओळख तपासली जाते. ४९.७ × ६.१२ ÷ ०.१९८ याचं अंदाजे उत्तर काढा, असा प्रश्न येतो. ५० गुणिले ६ म्हणजे ३००. आता ०.२ ने भागायचं. इथे बरीच मुलं ६० लिहून मोकळी होतात, कारण भागल्यावर संख्या लहानच व्हायला हवी असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण ३०० मध्ये ०.२ किती वेळा मावतं? एका एककात पाच वेळा, म्हणून ३०० मध्ये १५०० वेळा. खरं उत्तर साधारण १५३६ आहे. तसंच, √५० चं रूप ५√२ असं लिहायचं किंवा ६० अंशाचा साइन √३/२ असतो हे लक्षात ठेवायचं, हेही याच पेपरात.

आणि गंमत अशी की अंदाजाची ही सवय खरी उपयोगी पडते ती कॅल्क्युलेटरच्या पेपरात. वरच्याच उदाहरणात ०.१९८ ऐवजी १.९८ दाबलं गेलं तर पडद्यावर १५३.६ येईल. यंत्र चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. उत्तर १५०० च्या आसपास हवं हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तोच थबकतो.

कॅल्क्युलेटर हाती असताना गुण जातात ते असेच. वजा ३ चा वर्ग काढायला मूल -३² दाबतं आणि उत्तर -९ येतं. यंत्राचं बरोबर आहे: आधी ३ चा वर्ग, मग वजा चिन्ह. ९ हवे असतील तर (-३)² असं कंसात घालावं लागतं. दुसरा सापळा घाईने केलेल्या पूर्णांकनाचा. वर्तुळाचा परीघ २० सेंमी असेल तर त्रिज्या ३.१८३१ सेंमी येते. मुलाने ती ३.२ धरून पुढे क्षेत्रफळ काढलं तर ३२.२ चौसेंमी मिळेल. खरं उत्तर ३१.८. मधल्या पायरीवरचा आकडा यंत्रात तसाच ठेवायचा आणि शेवटीच आटोपता घ्यायचा, एवढं साधं पथ्य आहे. शिवाय काय केलं ते कागदावर लिहायचं. नुसतं चुकीचं उत्तर लिहिलं तर शून्य, पण रीत बरोबर दिसली तर रीतीचे गुण मिळू शकतात.

यंत्र कसं असावं याचेही नियम आहेत. ते परीक्षा मंडळांची संयुक्त संस्था जेसीक्यू ठरवते. बीजगणिती राशी सोडवून देणारं, भाषांतर करणारं, दुसऱ्या यंत्राशी संपर्क साधणारं किंवा आत माहिती साठवलेलं यंत्र चालत नाही. सूचना किंवा सूत्रं छापलेलं झाकणही बाहेर ठेवावं लागतं. बॅटरी संपली तर जबाबदारी विद्यार्थ्याची.

सगळीकडे वारं एकाच दिशेचं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये यिअर सिक्सच्या राष्ट्रीय चाचणीतून कॅल्क्युलेटरचा पेपर २०१४ पासून काढून टाकला. ए लेव्हलच्या गणितात मात्र आता सगळ्याच पेपरांना तो चालतो. अमेरिकेतल्या वाचकांसाठी: सॅटमध्ये पूर्वी गणिताचा एक भाग कॅल्क्युलेटरविना असे. संगणकावरच्या नव्या सॅटमध्ये तो राहिला नाही आणि डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच मिळतो. जीसीएसईची विभागणी मला जास्त पटते, कारण तिच्यात दोन्ही कौशल्यांना वेगळे गुण आहेत.

आज संध्याकाळी एक करून बघा. मुलाला त्याच्या कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढायला सांगा. १/२ किंवा ०.५ आलं तर ठीक. उणे ०.९८८ आलं तर यंत्र अंशांऐवजी रेडियनमध्ये आहे, आणि त्रिकोणमितीचं प्रत्येक उत्तर चुकणार आहे. पडद्याच्या वरच्या बाजूला छोटं ‘डी’ अक्षर दिसतंय ना, हे परीक्षेच्या सकाळीही पाहायला सांगा. मित्राने गमतीत मोड बदलून ठेवलेला असू शकतो.