डास, माशी आणि आमचे पिंप

कला शाखेच्या विद्यार्थ्याने डास-माश्यांवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण गेल्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीला डेंग्यू झाला, आठ दिवस तिच्या उशाशी काढले, आणि नंतर ग्रंथालयात कीटकांवरचे पुस्तक आपोआप हाती आले.

माशी व डास एकाच गणातले, द्विपंखी. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना चार पंख असतात, यांना दोनच. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या उरल्या आहेत. उडताना त्या कंप पावतात व तोल सांभाळतात. हे मी आईला कौतुकाने सांगितले. ती म्हणाली, "तिचा तोल राहू दे, तू आधी दूध झाक." खरेच आहे, घरमाशी चावत नाही, पण उकिरड्यावरचे जंतू पायांना लावून थेट अन्नावर येते.

हिवताप डासामुळे होतो याचा मोठा पुरावा आपल्याच देशात मिळाला. अल्मोड्याला जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत ॲनॉफिलीस डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे गृहस्थ कविताही करीत, म्हणजे आमच्या शाखेलाही अगदीच परके नव्हेत!

मात्र आमच्या घरातला डास वेगळा होता. आम्ही रोज संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करीत होतो, गटारात रॉकेल ओतीत होतो. डेंग्यू पसरविणारा एडिस डास चावतो दिवसा. अंग काळे, पायांवर पांढरे पट्टे. चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. ही अंडी ती साठविलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर चिकटविते. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात. पाणी चढले की अळ्या बाहेर येतात आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास होतो.

तपासणीला आलेल्या माणसाने आमच्या पिंपात बॅटरी मारून वळवळणाऱ्या अळ्या दाखविल्या. "पिण्याच्या पाण्यात?" वडील एवढेच म्हणाले. डेंग्यू म्हणजे घाणेरडे घर असे लोक समजतात, म्हणून मी वर्गात बहिणीचा आजार लपविला होता. तो माणूस म्हणाला, "आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करा." आमच्या गल्लीत नळाला सहा दिवसांनी पाणी येते. आईने विचारले, "ओतून देऊ, आणि मग प्यायचे काय?" यावर तो काही बोलला नाही. मला तो प्रश्न पुस्तकातही सापडला नाही.

आता नळ येण्याच्या दिवशी पहाटे उरलेले पाणी हंड्यात काढून घेतो. मी काथ्याने पिंपाची आतली भिंत खरवडतो, कारण नुसते ओतून अंडी जात नाहीत. भरल्यावर वडिलांच्या जुन्या धोतराचे दुहेरी फडके तोंडावर सुतळीने आवळतो. पत्र्याच्या झाकणाला फट राहते. मधल्या दिवशी बॅटरी घेऊन पाहण्याचे काम बहिणीने स्वतःकडे घेतले आहे, आणि ती शेजारच्यांच्या पिंपातही डोकावून येते.