वेग, धाडस आणि व्यवस्था

मोटारींच्या शर्यतीत कुणी चालक दगावला की 'नियतीचा घाला' असे लिहून आपण मोकळे होतो. नियतीवर भार टाकला की माणसांना जाब विचारावा लागत नाही. फॉर्म्युला वन शर्यतींचा इतिहास वाचताना मला मात्र जाणवले की, यातील कित्येक मृत्यूंमागे नियतीपेक्षा व्यवस्थेची उणीवच अधिक होती.

प्रथम या मोटारीची रचना पाहू. रस्त्यावरील मोटारीची चाके मडगार्डखाली झाकलेली असतात. हिची चारही चाके अंगाबाहेर उघडी असतात. फिरत्या चाकाची मागची बाजू वर जात असते व पुढची बाजू खाली येत असते. त्यामुळे मागून येणारे चाक पुढच्या मोटारीच्या चाकाला भिडले की ते त्यावर चढते आणि मोटार हवेत फेकली जाते. त्यातच वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेतच शिकलो आहोत.

जागतिक अजिंक्यपदाच्या या शर्यती १९५० साली सुरू झाल्या. १९६६ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्टुअर्टची मोटार पावसात मार्ग सोडून आदळली. तो आत अडकला, अंगावर पेट्रोल सांडत होते. आणि सुटकेसाठी साधी हत्यारेही जवळ नव्हती. दोन सहस्पर्धकांनी प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्याला सोडवले. पुढे स्टुअर्टने सुरक्षिततेसाठी चळवळ उभारली, तेव्हा त्याला भित्रा म्हणणारेही निघाले. तो तर तीन वेळा जगज्जेता झाला!

२९ जुलै १९७३ रोजी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे २५ वर्षांच्या रॉजर विल्यमसनची मोटार उलटून पेटली. डेव्हिड पर्ली हा स्पर्धक स्वतःची शर्यत सोडून धावला आणि एकट्याने ती उलथवू पाहू लागला. मार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या मार्शलांना अग्निरोधक पोशाखच दिलेले नव्हते. ते जवळ जाऊ शकले नाहीत. जळत्या मोटारीचा चालक पर्लीच असून तो सुखरूप आहे, असा समज होऊन इतर स्पर्धक पुढे निघून गेले. शर्यत थांबली नाही. विल्यमसन गेला. पर्लीला शौर्यपदक मिळाले.

१९७८ पासून डॉ. सिड वॉटकिन्स यांनी शर्यतींची वैद्यकीय व्यवस्था उभी केली. १९८२ नंतर बारा वर्षे शर्यतीच्या दिवसांत एकही चालक दगावला नाही. मग १९९४ मध्ये इमोला येथे लागोपाठच्या दोन दिवसांत रोलांड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे दोघे गेले. त्यानंतर नियम पुन्हा कडक झाले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती 'हॅलो' नावाची टायटॅनियमची कमान सक्तीची झाली. २०२० मध्ये बहारीन येथे रोमँ ग्रोजाँची मोटार कठड्यात घुसून पेटली. सुमारे २८ सेकंदांनी तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. पाठोपाठ आलेल्या गाडीतील डॉक्टर तेथे हजर होता. याच ग्रोजाँने पूर्वी त्या कमानीला विरोध केला होता.

धोका काढला तर धाडस कुठे उरले, असा आक्षेप काहीजण घेतात. मला तो पटत नाही. झांडफोर्टला धाडसाची उणीव नव्हती. उणीव होती ती काही अग्निरोधक कपड्यांची आणि शर्यत थांबवण्याच्या निर्णयाची. बहारीनला ग्रोजाँ वाचला, तो आधी केलेल्या तयारीमुळे.

आणखी एक गोष्ट. २००० मध्ये मोंझा येथे व २००१ मध्ये मेलबर्न येथे तुटून उडालेल्या चाकामुळे कडेला उभा असलेला एकेक मार्शल मरण पावला. चालकाने धोका पत्करलेला असतो, त्याला कीर्ती आणि पैसाही मिळतो. कडेला उभ्या असलेल्या माणसाला काय मिळते? कोणत्याही साहसाचा हिशेब मांडताना विजेत्याच्या नावाबरोबर या माणसाच्या अंगावर कोणते कपडे होते आणि पुढे कोणता आडोसा होता, हेही विचारले पाहिजे. मृत्यू घडण्याआधी हा प्रश्न विचारणे, यालाच मी सुसंस्कृतपणा म्हणेन.