वेळ बंदरावरच वाचव

झिला, पिकअप आता तुझ्या नावावर झाली आणि तिचा हप्ताही. मालवणच्या बंदरावर लिलाव आटोपला की व्यापारी पहिलं विचारतो, “किती वाजता पोचशील?” अशा वेळी छाती पुढे काढून लवकरची वेळ सांगावीशी वाटते. सांगू नकोस. घाईच्या मालाच्या या धंद्यात वेळ गाडी भरतानाच वाचवायचा असतो. कसालपर्यंतच्या वळणांवर गाडी दामटून दहा मिनिटं मिळतील. बर्फ आधी सांगून ठेवलास, टाकी दुपारीच भरलीस, टायर पाहून घेतलेस, तर तासभर सुटतो आणि कोणाच्या जिवावर बेतत नाही.

बर्फात हात आखडणारा व्यापारी भेटेलच. उन्हाळ्यात लांबच्या भाड्याला किलोला किलो बर्फ, यात तडजोड नाही. लादी फोडून मोठे तुकडे टाकले तर सुरमई चेपते आणि मधे पोकळी राहते. बारीक भुगाच हवा. तळाला थर, मग मासळी, मग पुन्हा थर, सगळ्यात वर जाड. भरताना तू स्वतः तिथं उभा राहा. माल नरम पडला की आधी गाडीवाल्याचं भाडं कापतात.

आता जे सांगतो ते मनापासून ऐक. वितळलेलं पाणी रस्त्यावर सोडायचं नाही. मासळीच्या पाण्याला चिकटपणा असतो. फोंडाघाटात किंवा आंबोलीच्या वळणावर ते सांडलं, की मागून येणारा दुचाकीवाला आडवा होतो आणि तुला पत्ताही लागत नाही, कारण तू पुढे निघून गेलेला असतोस. हौद्याखाली टाकी बसवून घे, तोटी बंद ठेव आणि विहीर-ओढ्यापासून लांब, जागा बघून, थांबून पाणी सोड. दंड होतो हे खरंच, पण दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

गोव्याचं भाडं असेल तर कागद आधी बघ. २०१८ मध्ये मासळीतल्या फॉर्मेलिनवरून वाद पेटला, तेव्हा गोव्यानं बाहेरची मासळी अडवली. पुढे इन्सुलेटेड गाडी हवी, अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी हवी, असे नियम आले. आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या गाडीवाल्यांचे तेव्हा फार हाल झाले. सध्या काय काय मागतात, ते मडगावच्या व्यापाऱ्याला निघण्याआधीच विचार. बर्फ वितळत असताना पत्रादेवीच्या नाक्यावर नियम समजून घेण्याची पाळी येऊ नये.

मार्च ते मे आंब्याचं भाडं खुणावतं. देवगडचा बागायतदार पेट्या भरून वाट बघत असतो, आणि माल पहाटे वाशीच्या फळबाजारात लागायला हवा असतो. चारशे किलोमीटरहून जास्त. पण काल ज्या हौद्यात बांगडा होता त्यात आज हापूस भरू नये, कितीही धुतला तरी. पेटीतल्या गवताला वास लागतो आणि बागायतदाराची वर्षभराची मेहनत वाया जाते. हंगामापुरतं दोन्हींतलं एक धर. ताडपत्री चारी बाजूंनी आवळू नकोस; आंबा आतून तापतो, वाऱ्याला वाट ठेव.

रात्री दोन ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ. चहा, तंबाखू, मोठ्यानं लावलेली गाणी यांनी डोळे उघडे राहतात, डोकं झोपलेलंच असतं. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तासांचं काम सांगायचा आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. तुझे तास मोजायला कोणी येणार नाही. मालक तूच, राबणाराही तूच. तेव्हा मालकानं राबणाऱ्याला झोपू द्यावं. वाशीच्या भाड्याला दुसरा ड्रायव्हर घे आणि त्याचा पगार भाड्यातच धर. व्यापाऱ्याला परवडत नसेल तर ते भाडं दुसऱ्याला जाऊ दे. एकटा असलास आणि डोळे जड झाले, तर संगमेश्वर असो की माणगाव, दिवे असलेल्या पेट्रोल पंपावर इतर गाड्यांच्या शेजारी गाडी लाव, व्यापाऱ्याला उशिराचं कळव आणि झोप. आधी कळलं तर तो काहीतरी सोय करतो. आणि निघताना पोटभर भात नको. भाताशिवाय आपल्याला जेवल्यासारखं वाटत नाही हे मला ठाऊक आहे, पण रात्रीच्या भाड्याला भाकरी बरी. भात माल उतरल्यावर जेव.

परतीच्या भाड्यासाठी दोन-दोन दिवस ताटकळू नकोस. तेवढ्यात इथली एक फेरी बुडते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आंबाही संपलेला, हप्ता मात्र चालूच. एप्रिल-मेच्या प्रत्येक भाड्यातून थोडे थोडे काढून ते दोन हप्ते आधीच वेगळ्या खात्यात टाक. घरात कितीही नड आली तरी त्याला हात लावू नकोस. त्या दोन महिन्यांत पासिंग, विमा, ब्रेक, पाटे सगळं उरकून घे. खाऱ्या पाण्यानं गाडी खालून सडते आणि वरून रंग छान दिसत राहतो. म्हणून चॅसिस गोड्या पाण्यानं धुऊन, गंज खरवडून रंगवून घे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बर्फाच्या कारखान्यात आणि तीन-चार व्यापाऱ्यांकडे स्वतः जाऊन गाडी तयार असल्याचं सांगून ये. फोनवर नको.