घरांतील इंटरनेटचा मंद वेग : दोष कोठें आहे तें ओळखणें

ई-पीक पाहणीची मुदत संपत आली असतां घरचें इंटरनेट रेंगाळलें, म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची तगमग होते. तथापि कंपनीस बोल लावण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें पाहणें इष्ट होय. कालव्यांतून सुटलेलें पाणी व शेतांत पोंचलेलें पाणी सारखें नसतें; येथेंही तसेंच समजावें.

प्रथम माप ध्यानांत घ्यावें. जाहिरातींतील १०० एमबीपीएस हें माप मेगाबिटांचें असतें. फायलीचा आकार मात्र मेगाबाइटांत सांगतात. ८ बिटांचा १ बाइट होतो, म्हणून अशा जोडणीवर सेकंदास फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात.

नंतर इतर उपकरणें बंद करून राउटरला संगणक केबलनें जोडावा व वेग मोजावा. तेथें वेग पुरा मिळून माजघरांत मिळत नसेल, तर अडथळा घरांतच आहे. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ लहरी वेगवान, परंतु जाड भिंतींत लवकर क्षीण होतात, २.४ गिगाहर्ट्झच्या दूरवर जातात, पण त्यांचा वेग कमी. राउटर घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावा.

केबलनेंही वेग कमीच आला, तर अवश्य तक्रार करावी. वेगाची तारीखवार नोंद ठेवावी व तक्रार-क्रमांक घेतल्यावांचून फोन ठेवूं नये. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें ठरल्या मुदतींत निवारण न झाल्यास पुढील ३० दिवसांत कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. दफ्तरांत आयुष्य घालवून आम्हांस एवढेंच कळलें कीं, तोंडी तक्रारीस पुरावा नसतो.