गिरणगावातील एक गल्ली
(परिसर अभ्यास, इयत्ता चौथी : पाठाचे दिग्दर्शन)

शहरावरील पाठ बहुधा उंच इमारती व मोटारी यांच्या वर्णनाने सुरू होतो आणि तेथेच संपतो. खेड्यातील मुलाला त्यातून विस्मय मिळतो, ज्ञान मिळत नाही. शहर माणसांच्या श्रमावर चालते व त्या माणसांत आपल्या गावचीही माणसे असतात, हे त्याला उमगले म्हणजे पाठ सफल झाला.

प्रस्तावना.— ‘तुमच्या आळीतले कोण मुंबईस आहे? तेथे काय काम करतात? गावी केव्हा येतात?’ असे प्रश्न विचारून उत्तरे फळ्यावर लिहावीत. पाठाची निम्मी सामग्री येथेच जमेल.

विषयप्रतिपादन.— मुंबईतील लालबाग-परळ हा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जातो. कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापिलेल्या कंपनीची कापडगिरणी 1856 मध्ये ताडदेव येथे चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या. कोकणातून व घाटावरून हजारो माणसे कामास आली आणि चाळींत राहू लागली. चाळ म्हणजे लांब सज्जाला लागून असलेल्या खोल्यांची रांग. नळ व संडास सामाईक. एका खोलीत अनेक कामगार पाळीपाळीने निजत. दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागी पथारी टाकी. घरात घड्याळ नसले तरी गिरणीच्या भोंग्यावरून वेळ कळे.

बायकामुले गावी ठेवून आलेल्या या कामगारांना जेवू कोण घाली? शेजारच्या खोलीतील बाई. आपल्या चुलीवर ती अनेकांचा स्वयंपाक करी. हीच तिची खानावळ. पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर वाणसामान उधारीवर आणावे लागे व व्याजाचा भार तिच्या माथी बसे. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा स्त्रियांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. अनेकांना पुन्हा काम मिळाले नाही. कित्येक कुटुंबे गावी परतली. कालांतराने गिरण्या बंद पडल्या व त्यांच्या जागेवर उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी लालबागेत मिरची-मसाल्याच्या दुकानांपुढे आजही गर्दी असते. बाया मिरच्या निवडून घेतात व मसाला कुटून नेतात. ती मिरची कोणाच्या शेतात पिकली, हे मुलांना अवश्य विचारावे.

संकलन.— (1) खानावळवालीला उधारी का करावी लागे? (2) एका खोलीत इतकी माणसे कशी सामावत? (3) सामाईक नळावर भांडण होऊ नये म्हणून तुम्ही कोणता नियम कराल?

उपयोजन.— गावात कोणी निवृत्त गिरणी कामगार असल्यास त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. मुलांनी प्रश्न विचारावेत व ऐकलेले पाच-सहा वाक्यांत लिहावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याच्या आजोबांचे काम संपात गेले, असे मूल याच वर्गात बसलेले असू शकते. त्याच्या घरची हकीकत चारचौघांत खोदून विचारू नये. मात्र ते आपण होऊन बोलू लागले, तर नियोजित पाठ बाजूस ठेवून शिक्षकांनी ते शांतपणे ऐकावे. त्या दिवशीचा खरा पाठ तोच होय.