शेवंतीसाठी दिवा निवडताना

हरितगृहातील शेवंतीसाठी जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे घ्या, असा आग्रह विक्रेते करतात. पैसे मोजण्यापूर्वी दिव्याचे काम काय, हे पाहावे. बंद खोलीतील रोपांना दिव्याच्या प्रकाशावरच अन्न तयार करावे लागते. तेथे प्रखर दिवे हवेत. शेवंतीला दिवसा ऊन मिळतेच. तिच्यासाठी दिवा लावायचा तो फक्त लांब रात्र मोडण्यासाठी.

शेवंती लांब रात्रीत कळी धरते. डिसेंबरात आपल्याकडे रात्र सुमारे 13 तासांची असते. दिवे नसतील तर रोप वीतभर असतानाच कळ्या येतात आणि आखूड दांड्याच्या फुलांना बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून रात्री 10 ते 2 या वेळेत पिकाच्या शेंड्यावर सुमारे 100 लक्स प्रकाश द्यावा व तो लक्समीटरने, विशेषतः कोपऱ्यांत, मोजावा. झाड हा इशारा मुख्यतः तांबड्या प्रकाशातून ओळखते. त्यामुळे तांबडा किंवा पिवळसर एलईडी दिवा पुरतो. निळ्या प्रकाशावरचा खर्च बहुतांशी वाया जातो. 10 वॅटचे 100 दिवे 4 तासांत 4 युनिट वीज घेतात. 100 वॅटच्या जुन्या बल्बांना 40 युनिट लागत.

सलग काही रात्री वीज गेली तर कळी धरण्याचा धोका असतो, तेव्हा जनित्राची सोय आधीच करावी. रोपे 30 ते 40 सेंमी उंच झाली की दिवे पूर्ण बंद करावेत. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येत असल्यास तोही काळ्या कापडाने अडवावा, नाहीतर त्या बाजूचा वाफा हिरवाच राहतो.