तीन कपाटांचें वाचन

आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत तीन प्रकारच्या पुस्तकांचे वाचक निरनिराळे असतात, असें पुष्कळ वर्षें आमच्या पाहण्यांत आलें आहे. रहस्यकथा मुलें हौसेनें नेतात आणि बहुधा नकाशाच्या पुस्तकाखालीं लपवून वाचतात. उद्योजकांचीं चरित्रें वक्तृत्वस्पर्धेच्या आदल्या आठवड्यांत बाहेर पडतात. गुंतवणुकीवरील पुस्तकांस मात्र कोणी हात लावीत नाहीं. त्यांवरील धूळ झाडणारा शिपाई हाच त्यांचा एकमेव परिचित. हीं तिन्ही प्रकारचीं पुस्तकें एकाच वाचकानें वाचावीं, असें आमचें मत कसें बनलें तें येथें सांगावयाचें आहे.

गेल्या पावसाळ्यांत केळव्याचे एक पालक आमच्याकडे आले. त्यांची पानवेलींची लहानशी वाडी आहे आणि मुलगा आमच्या दहावीच्या वर्गांत आहे. "सर, तुम्हीच ह्याला सांगा, हीं खुनांचीं पुस्तकें वाचून पोट भरणार आहे का?" असें म्हणून त्यांनीं मुलापासून हिसकावून घेतलेलें बाबूराव अर्नाळकरांचें पुस्तक आमच्यापुढें ठेवलें. त्याच पिशवींतून एक रंगीत पत्रक डोकावत होतें. ठेवलेली रक्कम वीस महिन्यांत दुप्पट करून देणाऱ्या एका योजनेचें तें पत्रक. वडील त्याविषयीं मोठ्या उत्साहानें बोलूं लागले, तेव्हां मुलानें मान खालीं घालूनच विचारलें, "पण बाबा, आपल्याला द्यायचे पैसे ते आणणार कुठून?"

वडील गप्प झाले. आम्हीहि गप्प झालों. कारण पहिल्या नोकरींतील तीन वर्षांची शिल्लक आम्हीं स्वतः अशाच एका योजनेंत घालविली होती. त्या वेळीं आम्ही पदवीधर होतों, चक्रवाढ व्याजाचीं गणितें फळ्यावर सोडवून दाखवीत होतों, आणि तरीहि हा एवढासा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता.

मुलास तो कोठून सुचला असेल? आमच्या समजुतीप्रमाणें, वडिलांनीं ज्याचा राग केला त्याच पुस्तकांतून. अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड हीं त्यांचीं पात्रें एके काळीं घरोघरीं ठाऊक होतीं, आणि शिष्ट मंडळी त्यांस नाकें मुरडीत असत. (नाकें मुरडणारांपैकीं कित्येक तीं चोरून वाचीत, हेंहि आम्हांस ठाऊक आहे.) परंतु अशा कथांचा वाचक एक संवय शिकतो: जें दाखविलें जात आहे त्याच्या मागें काय आहे, आणि जें असावयास हवें होतें तें कां नाहीं, हें पाहण्याची. कॉनन डॉइल ह्यांच्या १८९२ सालच्या 'सिल्व्हर ब्लेझ' ह्या कथेंत रात्रीं कुत्रा भुंकला नाहीं, एवढ्यावरून येणारा माणूस ओळखीचा होता असा तर्क होतो. मिळकतीचें साधन न सांगणारें पत्रक हा तसाच न भुंकलेला कुत्रा होय.

हा तर्क केवळ कथेंतच चालतो असें नाहीं. १९२० सालीं बोस्टन शहरांत चार्ल्स पाँझी नांवाच्या गृहस्थानें ४५ दिवसांत शेंकडा ५० नफा देण्याचें वचन देऊन हजारों लोकांचे पैसे घेतले. परदेशी टपालाचीं उत्तर-कूपनें एका देशांत स्वस्त घेऊन दुसऱ्या देशांत वटविण्याचा आपला व्यापार आहे, असें तो सांगे. क्लॅरेन्स बॅरन ह्या अर्थविषयक पत्रकारानें साधा हिशेब मांडला: एवढ्या रकमेच्या व्यापारास सुमारें १६ कोटी कूपनें लागतील, प्रत्यक्षांत प्रचारांत होतीं अवघीं २७ हजारांच्या आसपास. जुन्यांचे पैसे नव्यांच्या पैशांतून दिले जात होते. येथें हिशेबनीस आणि गुप्तहेर एकाच खुर्चीवर बसले होते, आणि आम्हांस म्हणावयाचें आहे तें हेंच.

इतकें दूर तरी कशास जावें? अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून विलायतेस तिकडचा कापूस मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशांतून कंपन्यांचें पेंव फुटलें. बॅक बे भरणी कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. १८६५ सालीं युद्ध संपतांच तो २,००० रुपयांच्याहि खालीं आला. त्या उलाढालींतील अग्रणी प्रेमचंद रायचंद ह्यांनीं दिलेल्या देणगींतून विद्यापीठाचें ग्रंथालय व त्यावरील घड्याळाचा मनोरा उभा राहिला. १८७८ सालीं पुरा झालेल्या त्या मनोऱ्यास त्यांच्या मातेचें, राजाबाईचें, नांव आहे. सट्ट्याच्या पैशांतून पुस्तकांचें घर झालें, ही मुंबईची एक मौज.

बेंजामिन ग्रॅहम ह्यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' ह्या ग्रंथांत बाजारास एका लहरी भागीदाराचें रूप दिलें आहे. तो रोज येऊन नवा भाव सांगतो. कधीं हर्षानें बेभान, कधीं भीतीनें गलितगात्र. त्याचें ऐकण्याची सक्ति आपणांवर नाहीं. आम्हीं हें त्या पालकांस सांगितलें तेव्हां ते हंसले. "म्हणजे आमचा पानांचा दलालच की! पण सर, खुडलेलें पान घरांत ठेवतां येत नाहीं. ह्यांचा कागद ठेवतां येतो." हा भेद आम्हांस सुचला नव्हता.

उद्योजकांचीं चरित्रें मात्र जपून वाचावीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पहिल्या लोखंडी नांगरांस दोन वर्षें गिऱ्हाईक मिळालें नाहीं, कारण लोखंडानें जमीन नासते असें शेतकऱ्यांस वाटे. हा भाग वाचतांना कारखान्याच्या भव्यतेपेक्षां अधिक शिकावयास मिळतें. पण जे नांगर कधींच विकले गेले नाहींत, त्यांच्या कर्त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. श्रीमंत होण्याचे मार्ग सांगणारीं दहा पुस्तकें वाचणें म्हणजे पुष्कळदा एकच पुस्तक दहा वेळां वाचणें. रहस्यकथांचेंहि तसेंच, शेवटचीं दोन प्रकरणें उरलीं असतां पुस्तक मिटून आपला तर्क वहींत लिहावा, नाहींतर ती नुसती करमणूक होते. आमच्या वर्गांतील मुलांनीं हा प्रयोग केला. त्यांचे बहुतेक तर्क चुकले, आमचाहि चुकला.

त्या पालकांनीं योजनेंत रक्कम घातली कीं नाहीं? निम्मी आधींच दिली होती, असें त्यांनीं मागाहून कबूल केलें. उरलेली निम्मी दिली नाहीं. जातांना त्यांनीं जप्त केलेली रहस्यकथा मुलाच्या हातीं परत दिली, आणि शेअरबाजाराची प्राथमिक माहिती सांगणारें एक मराठी पुस्तक मुलाच्या नांवावर स्वतःसाठीं नेलें. त्याची मुदत केव्हांच संपली आहे. नोंदवहींत त्यापुढें तांबडी खूण आहे; तगाद्याची चिठ्ठी आम्हीं अद्याप पाठविलेली नाहीं.